टीबी की क्रॉन्स? एकाच आतड्याची तीनदा घेतलेली छायाचित्रे

लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते त्या कोपऱ्यात व्रण दिसले की आपल्याकडच्या पोटविकारतज्ज्ञाच्या मनात एकाच वेळी दोन नावे येतात: आतड्याचा क्षयरोग आणि क्रॉन्स आजार. दोन्ही आजार तीच जागा धरतात, दोन्हींत पोट दुखते, वजन उतरते, अंगात बारीक ताप राहतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींच्या बारीक गाठी, सापडू शकतात. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रॉन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी इलियमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हाही तो क्षयरोगापासून वेगळा काढून दाखवावा लागला होता. उपचार मात्र एकमेकांच्या विरुद्ध आहेत. क्रॉन्ससाठी दिली जाणारी स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे क्षयरोग्याच्या पोटात गेली तर क्षयरोग अंगभर पसरू शकतो. उलट क्रॉन्सच्या रुग्णाला महिनोन्महिने टीबीची औषधे देत राहिले तर तेवढ्या काळात आतडे आकसून अरुंद होण्याचा धोका वाढतो.

पुढील प्रकरण पुण्यातील आहे. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून त्याचे काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत. या प्रकरणाचा निकाल लागला तो आतड्याच्या त्याच जागांच्या, काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या छायाचित्रांवरून. आणि पहिली छायाचित्रे तुलनेला उपयोगी पडतील अशी मुद्दाम घेतली होती, म्हणूनच तो लागू शकला.

रुग्ण आणि त्याची फाइल

रुग्ण २९ वर्षांचा, चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात पाळीने काम करणारा आणि भोसरीला राहणारा तरुण होता. सात महिन्यांपासून बेंबीच्या खाली उजव्या बाजूला दुखणे, दिवसाला तीन-चार पातळ जुलाब, अधूनमधून संध्याकाळचा ताप आणि ५८ किलोंवरून ४९ किलोंवर आलेले वजन, अशा त्याच्या तक्रारी होत्या. शौचातून रक्त जात नव्हते. गुदद्वाराजवळ चीर, फोड किंवा भगंदर नव्हते. वडिलांना काही वर्षांपूर्वी फुप्फुसांचा क्षयरोग झाला होता आणि त्यांनी उपचार पूर्ण केले होते. पाठदुखीसाठी तो दुकानातून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या परस्पर घेत असे. ही माहिती प्रथम विचारल्यावर मिळाली नाही. औषधांचे रिकामे पाकीट आईच्या पिशवीतून निघाले तेव्हा कळली. अशा वेदनाशामक गोळ्यांनीही इलियममध्ये व्रण होतात, त्यामुळे त्या तेव्हाच बंद केल्या.

हिमोग्लोबिन ९.८, रक्तातील दाह दाखवणारे सीआरपी ३४, शौचातील कॅलप्रोटेक्टिन ७८० होते. कॅलप्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींतील प्रथिन असून आतड्यात दाह असला की ते वाढते. दाह कशामुळे आहे ते त्यावरून कळत नाही. क्षयरोगातही ते वाढलेलेच सापडते. क्षयजंतूंशी संपर्क आला आहे का ते पाहणाऱ्या मॅन्टू या त्वचेवरील चाचणीची गाठ १२ मिलिमीटर आली. ज्या घरात क्षयरोगी राहून गेला आहे त्या घरातील माणसाच्या बाबतीत तिच्यावर फार भार टाकता येत नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता आणि एचआयव्ही चाचणी नकारात्मक. सीटी एन्टेरोग्राफीत इलियमच्या शेवटच्या सुमारे १२ सेंटिमीटरची भिंत जाड झालेली आणि तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या ताणून उभ्या राहिलेल्या दिसत होत्या, जे क्रॉन्सकडे झुकते. जवळच्या लसिकाग्रंथी किंचित मोठ्या होत्या, पण त्यांचा मधला भाग सडलेला नव्हता. तो सडलेला असता तर क्षयरोगाचे पारडे बरेच जड झाले असते.

फाइलमध्ये आधीच्या एका केंद्रातील कोलोनोस्कोपीचा, म्हणजे आतड्यात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीचा, अहवालही होता. त्यात लहान व मोठ्या आतड्यांमधल्या झडपेजवळ व्रण असल्याची एक ओळ, तिच्यापुढे टीबी आणि क्रॉन्स ही दोन्ही नावे प्रश्नचिन्हांसह, आणि मळाच्या पातळ थराखालून घेतलेले एकच छायाचित्र होते. बायोप्सीचे दोन तुकडे घेतले होते आणि त्यांवर ‘अविशिष्ट दाह’ असा शेरा होता. तपासणी पुन्हा करावी लागेल हे रुग्णाला सांगणे सोपे नव्हते, कारण आधीचा खर्च त्याने उसनवारीने भागवला होता. परंतु त्या छायाचित्रावरून व्रण आडवा आहे की उभा, लहान की मोठा, एक की अनेक, यांपैकी काहीच ठरवता येत नव्हते.

तयारी

आतडे स्वच्छ नसेल तर पुढचे सगळे वाया जाते आणि दाहाच्या आजारात तर अधिकच, कारण या व्रणांच्या तळावर पिवळसर पांढरा साका असतो आणि शिल्लक मळ व साका यांच्यात सहज गल्लत होते. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे द्रावण दोन भागांत, अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या दिवशी पहाटे, असे दिले. सोडियम फॉस्फेटचे द्रावण मुद्दाम टाळले, कारण त्याने अस्तरावर स्वतःचेच बारीक व्रण उठू शकतात आणि मग ते आजाराचे की औषधाचे हा नवा घोळ होतो. पहाटेचा अर्धा भाग पिऊन भोसरीहून बसने येणे कोणालाही शक्य नसते, म्हणून तो आदल्या रात्री कसबा पेठेत मामांकडे मुक्कामाला आला. अशी व्यवस्था रुग्णाशी आधी बोलून ठरवावी लागते. छापील सूचनापत्रकात तिला जागा नसते.

पहिली तपासणी

इलियमचे निरोगी अस्तर मखमलीसारखे दिसते. ते तसे दिसते विली नावाच्या सूक्ष्म उंचवट्यांमुळे, आणि पोकळीत हवेऐवजी पाणी भरले तर हे विली एकेक मोकळे तरंगताना पाहता येतात. या उंचवट्यांवर पेशींचा एकच थर असतो आणि तो साधारण चार-पाच दिवसांत नवा होतो. त्याखाली, विशेषतः इलियमच्या टोकाला, लसिकापेशींचे पुंजके असतात. तरुण माणसात ते फुगलेले दिसणे स्वाभाविक आहे आणि नवख्या डोळ्याला तोच आजार वाटू शकतो. क्रॉन्सचे अगदी सुरुवातीचे व्रण, ज्यांना ॲफ्थस म्हणतात, बहुधा याच पुंजक्यांवर उठतात: तीन-चार मिलिमीटरचा पांढरा ठिपका, भोवती लाल कडे आणि त्याच्या पलीकडे पुन्हा निरोगी अस्तर.

या रुग्णाच्या इलियममध्ये असे ॲफ्थस व्रण झडपेपासून दुर्बीण जाऊ शकली तिथवर विखुरलेले होते. झडपेच्या वरच्या ओठावर सुमारे दीड सेंटिमीटरचा, कडा किंचित उचललेला एक व्रण होता आणि तो आडवा, म्हणजे आतड्याच्या घेराच्या दिशेने पसरलेला होता. झडप वेडीवाकडी व थोडी अरुंद होती, परंतु दुर्बीण तिच्यातून गेली. मोठ्या आतड्याच्या आडव्या भागात मध्येच तीन ॲफ्थस व्रण होते. त्यांच्या अलीकडचे आणि पलीकडचे अस्तर स्वच्छ, खालच्या रक्तवाहिन्यांचे जाळे स्पष्ट दिसेल असे होते. डावी बाजू आणि गुदाशय निरोगी होते.

२००६ मध्ये कोरियातील डॉक्टरांनी या दोन आजारांना वेगळे करणारी आठ चिन्हे मांडली. गुदाशय-गुदद्वाराजवळचे व्रण, उभे लांबट व्रण, ॲफ्थस व्रण आणि फरसबंदीसारखे उंचसखल अस्तर ही चार क्रॉन्सच्या बाजूची. चारांपेक्षा कमी विभागांत आजार, सताड उघडी राहिलेली झडप, आडवे व्रण आणि जुने वण किंवा खोटे पॉलिप ही चार क्षयरोगाच्या बाजूची. ज्या बाजूची चिन्हे अधिक, ते निदान. आमच्या रुग्णात क्रॉन्सच्या बाजूचे एक चिन्ह होते, क्षयरोगाच्या बाजूची दोन: आडवा व्रण, आणि आजार तीनच विभागांत असणे. नियमाप्रमाणे कौल क्षयरोगाला जातो. पण ज्यांचा आजार अजून फारसा पसरलेला नाही अशा क्रॉन्सच्या रुग्णांतही चारांपेक्षा कमीच विभाग सापडतात, तेव्हा या चिन्हाला बाकीच्यांइतके वजन देणे मला पटत नाही.

पांढऱ्या प्रकाशानंतर तीच जागा एनबीआय (नॅरो बँड इमेजिंग) खाली पाहिली. या पद्धतीत ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचे प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे वापरतात. हिमोग्लोबिन ते दोन्ही शोषून घेते, त्यामुळे रक्तवाहिन्या गडद उठून दिसतात; निळा पट्टा वरवरच थांबतो म्हणून वरच्या केशवाहिन्या तपकिरी आणि हिरवा थोडा खोल जातो म्हणून खालच्या शिरा निळसर हिरव्या दिसतात. टीबी आणि क्रॉन्स यांतला फरक एनबीआय सांगत नाही, आणि कोणी तसे सांगितल्यास ऐकून घ्यावे पण पुरावा मागावा. त्याचा उपयोग वेगळाच झाला. व्रणाची कड नेमकी कुठे संपते आणि निरोगी अस्तर कुठे सुरू होते ती रेषा त्याखाली स्पष्ट झाली, आणि पुढे तुलना करायची तर तीच रेषा हवी होती. शिरेतून फ्लुरोसीन हा रंग देऊन लेझरने पेशी न पेशी पाहण्याचे कॉन्फोकल तंत्रही आहे. अस्तरातून पेशी गळून पडलेल्या जागा आणि तिथून झिरपणारा रंग त्यात प्रत्यक्ष दिसतो, त्यामुळे संशोधनात त्याचे मोल मोठे आहे. या रुग्णापुढचा प्रश्न मात्र जंतू आहे की नाही हा होता आणि त्याचे उत्तर त्या तंत्राकडे नव्हते.

छायाचित्रे घेताना काही शिस्त पाळली. प्रत्येक जागा आधी पाण्याने धुतली. प्रत्येक व्रणाचे एक छायाचित्र लांबून घेतले, ज्यात झडपेचा ओठ किंवा अपेंडिक्सचे तोंड अशी ओळखीची खूण येईल, आणि एक जवळून, शेजारी बायोप्सीचा चिमटा उघडून धरून. उघड्या चिमट्याचे तोंड साधारण ७ मिलिमीटरचे असते, आणि भिंगाजवळ गेल्यावर सगळेच मोठे दिसत असल्याने तो शेजारी धरल्याशिवाय व्रणाचे माप अंदाजपंचेच राहते. हवा किती भरली आहे त्यावरही व्रणाचा आकार बदलतो, म्हणून पोकळी पूर्ण उघडल्यावरच छायाचित्र घेतले. संपूर्ण चित्रफीतही जपून ठेवली.

यावरून एसईएस-सीडी हा गुणांक काढला. त्यात इलियम धरून आतड्याचे पाच विभाग करतात आणि प्रत्येकात व्रणाचा आकार, व्रणांनी व्यापलेला भाग, एकूण आजारी भाग आणि अरुंदपणा यांना शून्य ते तीन गुण देतात. इलियमला ४, उजव्या बाजूला झडपेसह ५ आणि आडव्या भागाला ३, असे १२ गुण झाले. हा गुणांक क्रॉन्ससाठी तयार झालेला आहे आणि निदान अनिश्चित असताना तो वापरणे शास्त्राला धरून नाही, हे मान्य करूनच आम्ही तो केवळ मागच्या-पुढच्या तुलनेसाठी नोंदवला.

बायोप्सी

व्रणांच्या कडांतून आणि तळातून, तसेच निरोगी दिसणाऱ्या प्रत्येक विभागातूनही तुकडे घेतले. काही तुकडे फॉर्मालिनमध्ये आणि काही साध्या सलाइनमध्ये ठेवले. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे त्यातला तुकडा कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याला, चालत नाही. तुकडे घेण्याआधीच दोन वेगळ्या बाटल्या सिस्टरांच्या हाताशी तयार असाव्या लागतात. क्षयजंतूंची जनुके शोधणारी जीन एक्सपर्ट चाचणी नकारात्मक आली, परंतु आतड्याच्या तुकड्यांत क्षयजंतू इतके थोडे असतात की या चाचणीच्या नकाराने क्षयरोग बाद होत नाही. कल्चर सहा आठवड्यांनी नकारात्मक आले. पॅथॉलॉजिस्टने दीर्घकालीन आणि चालू दाह, ग्रंथींची विस्कटलेली रचना आणि एकच लहानसा ग्रॅन्युलोमा नोंदवला. त्यात केसिएशन, म्हणजे चीजसारखी सडण, नव्हती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील पॅथॉलॉजिस्टांनी दाखवून दिल्याप्रमाणे ४०० मायक्रॉनहून मोठे, एकमेकांत मिसळलेले आणि संख्येने बरेच ग्रॅन्युलोमा हे क्षयरोगाचे लक्षण धरतात. इथे त्यातले काहीच नव्हते. पण तुकडा वरवरचा असतो आणि क्षयरोगाचे ग्रॅन्युलोमा बहुधा खालच्या थरात असतात, ही अडचण उरतेच.

निर्णय

कल्चरची वाट पाहत सहा आठवडे हातावर हात धरून बसणे शक्य नव्हते. घरात क्षयरोगाचा इतिहास आणि झडपेवरचा आडवा व्रण लक्षात घेता टीबीची औषधे सुरू करायची आणि दोन महिन्यांनी काहीही झाले तरी पुन्हा कोलोनोस्कोपी करायची, असे ठरले. आशिया-प्रशांत विभागाच्या तज्ज्ञांनीही निदान अडले असता ८ ते १२ आठवड्यांचा असा प्रयोग सुचवलेला आहे. ‘काहीही झाले तरी’ हे शब्द केसपेपरवर तसेच लिहिले. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल वजनानुसार दिली, क्षयरुग्णांच्या नोंदीसाठीच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नोंद केली आणि लघवी केशरी होईल, घाबरू नका, असे आईंना सांगून ठेवले.

दोन महिन्यांनंतर

रुग्ण सुधारला होता. ताप गेला, दुखणे निम्म्यावर आले, वजन ५१.५ किलो झाले. मामा त्याच्यासोबत आले होते आणि त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. “डॉक्टर, औषध लागू पडलंय, पोरगं दोन घास जेवायला लागलंय. आता परत ती नळी कशाला?” मी त्यांना पहिली छायाचित्रे पडद्यावर दाखवली आणि म्हणालो, “मामा, पोटाला बरं वाटतंय ते खरं आहे. पण ही जखम भरली का, ते बघितल्याशिवाय मला पुढचं औषध ठरवता येणार नाही.” त्यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहून होकार दिला.

बरे वाटण्यावर विसंबता न येण्याचे कारण असे, की क्रॉन्सच्या काही रुग्णांनाही टीबीच्या औषधांनी काही काळ बरे वाटते. रिफाम्पिसिन हे इतर जंतूंवरही चालणारे प्रतिजैविक आहे. शिवाय आजाराचा स्वतःचा चढउतार असतो, आणि या रुग्णाच्या वेदनाशामक गोळ्याही बंद झाल्या होत्या. क्षयरोगाचे व्रण मात्र योग्य औषधांवर दोन-तीन महिन्यांत ठळकपणे भरू लागतात, आणि क्रॉन्सचे क्वचितच भरतात.

दोन्ही वेळची छायाचित्रे शेजारी शेजारी लावली. झडपेवरचा व्रण तिथेच होता. चिमट्याच्या मापाने तेवढाच, कड तशीच उचललेली, तळावर साका तसाच. आडव्या भागातले तीन ॲफ्थस व्रणही जागच्या जागी होते. इलियममध्ये मात्र बदल झाला होता आणि तो वाईट होता: पूर्वी सुटे असलेले ठिपके दोन ठिकाणी एकमेकांना जोडून आतड्याच्या लांबीच्या दिशेने रेघ तयार झाली होती. इलियमचे गुण ४ वरून ६ झाले आणि एकूण १४. कॅलप्रोटेक्टिन ६४० होते. पहिली छायाचित्रे खुणांशिवाय घेतली असती तर हे दोन-तीन बदल ‘साधारण तसेच’ या शेऱ्यात बुडून गेले असते, आणि वजन वाढते आहे या आधारावर उरलेले चार महिने तीच औषधे चालू राहिली असती.

औषधांना दाद न देणारा क्षयरोग ही शंका उरत होती. त्यासाठी नवे तुकडे घेऊन एक्सपर्ट आणि कल्चर पुन्हा केले. एक्सपर्ट नकारात्मक, आणि पुढे कल्चरही. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगात ताप गेला नसता आणि वजन वाढले नसते, हाही मुद्दा चर्चेत विचारात घेतला. नव्या तुकड्यांत पुन्हा एक लहान, सुटा ग्रॅन्युलोमा सापडला. पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट आणि शल्यचिकित्सक यांच्यासह बसून क्रॉन्स हे निदान निश्चित केले आणि टीबीची औषधे थांबवून निक्षयवर निदान बदलल्याची नोंद केली.

पुढील उपचार

स्टेरॉइड लगेच सुरू केले नाही. रिफाम्पिसिन यकृतातील विकरांना इतके जागे करते की प्रेडनिसोलोन वेगाने निकामी होते आणि हा परिणाम औषध थांबवल्यावरही साधारण दोन आठवडे टिकतो. तो काळ द्रवरूप पूरक आहारावर काढून मग प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम सुरू केले आणि दर आठवड्याला ५ मिलिग्रॅमने उतरवत थांबवले. सोबत प्रतिकारशक्ती दाबणारे ॲझाथायोप्रिन दिले. त्याआधी एनयूडीटी१५ या जनुकाची चाचणी केली, कारण त्यातील बदल आशियाई लोकांत तुलनेने अधिक आढळतात आणि असा बदल असलेल्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी या औषधाने धोकादायकपणे घटू शकतात. ती चाचणी सामान्य होती. टीएनएफविरोधी, म्हणजे दाह वाढवणारे टीएनएफ हे प्रथिन रोखणाऱ्या, इंजेक्शनांचा पर्याय चर्चेत होता. खर्च आणि घरातला क्षयरोग लक्षात घेता तो राखून ठेवला.

सहा महिन्यांनी तिसरी तपासणी झाली. त्याच खुणा, तोच चिमटा, तेच अंतर. इलियममध्ये विली परतले होते, रेघांच्या जागी फिकट वण होते, आडवा भाग स्वच्छ होता आणि झडपेवरचा व्रण भरून तिथे ताऱ्याच्या आकाराचा वण पडला होता. गुण २, कॅलप्रोटेक्टिन ११०, वजन ५८ किलो. उरलेले दोन गुण झडपेचेच आहेत: ती किंचित लालसर आहे आणि अरुंदपणा गेलेला नाही, दुर्बीण थोडा दाब दिल्यावर जाते. आतड्याच्या सोनोग्राफीत त्या जागेची भिंत ३ मिलिमीटरच्या आत आहे आणि अलीकडचे आतडे फुगलेले नाही, यावरून हा अरुंदपणा मुख्यतः वणाचा असावा असे वाटते. सध्या ॲझाथायोप्रिन चालू असून कॅलप्रोटेक्टिन दर तीन-चार महिन्यांनी आणि सोनोग्राफी सहा महिन्यांनी करायची आहे. कॅलप्रोटेक्टिन २५० च्या वर गेले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कोलोनोस्कोपी. पोट फुगून कळा आणि उलट्या सुरू झाल्या तर थेट तातडीच्या विभागात यावे, असे त्याला लिहून दिले आहे. हिवाळ्यात गावी हुरड्याला गेले तर चालेल का, असे त्याने विचारले. झडप अरुंद आहे तोवर हुरडा, मक्याचे कणीस आणि बियांसकट पेरू नको, बाकी घरचे जेवण चालेल, असे सांगितले आहे.